चाळीस टक्के, पण कशाचे? : व्हेंटिलेटेड फसाडचं संशोधन सोलापुरात बसून वाचताना

सिनॉप्सिसच्या दिवसांत सिव्हिल आणि आर्किटेक्चरच्या मुलामुलींकडून एक विषय हमखास येतो: व्हेंटिलेटेड फसाड. विषय छान आहे. चित्रं चांगली मिळतात, सॉफ्टवेअरवर काम होतं, पेपर शोधायला बसलं की ढिगानं सापडतात. आणि बहुतेक पेपरांत कुठेतरी एक आकडा असतो, की थंडाव्यासाठी लागणारी ऊर्जा अमुक टक्के वाचते. मग सिनॉप्सिसमध्ये वाक्य येतं: "या तंत्रामुळे ४० टक्क्यांपर्यंत ऊर्जाबचत होते, म्हणून सोलापूरसारख्या उष्ण शहरासाठी ते उपयुक्त आहे."

आज मला या वाक्यातल्या "म्हणून"बद्दल बोलायचं आहे. तंत्र चांगलंच आहे. पण एका जागेचा आकडा उचलून दुसऱ्या जागी ठेवताना मधे बरंच काही सांडतं. ते नेमकं काय, हे तुम्हाला दाखवता आलं, तर त्यातूनच तुमचा संशोधनप्रश्न तयार होतो. दाखवता आलं नाही, तर तीन-चार वर्षांनी व्हायव्हात कुणीतरी विचारतं, "४० टक्के कशाचे?", आणि तेव्हा उत्तर शोधायला उशीर झालेला असतो.

आधी तंत्र समजून घेऊ

साध्या भिंतीवर ऊन पडतं, भिंत तापते, उष्णता हळूहळू आत येते. व्हेंटिलेटेड फसाडमध्ये मूळ भिंतीच्या बाहेर थोडं अंतर सोडून दुसरं आवरण लावतात. ते दगडाच्या फरशीचं असेल, टेराकोटाचं, धातूच्या पत्र्याचं किंवा सिमेंटच्या बोर्डाचं. मधल्या पोकळीला खाली आणि वर तोंड उघडं ठेवतात. ऊन आवरणावर पडतं, पोकळीतली हवा गरम होऊन वर जाते, खालून त्यातल्या त्यात थंड हवा आत येते. म्हणजे आवरण सावली देतं आणि हवा उष्णता वाहून नेते. दोन कामं झाली.

इथेच एक घोळ टाळा. बाहेर काच आणि आत काच असलेलं डबल-स्किन फसाड हे वेगळं प्रकरण आहे. तिथे ऊन काचेतून आत शिरतं आणि पोकळीच तापू शकते. अपारदर्शक आवरणाचे निष्कर्ष काचेच्या फसाडला लावू नका, उलटंही करू नका. आणि आपल्याकडे सात रस्ता किंवा नवी पेठेकडे दुकानांच्या दर्शनी भागावर एसीपीचे पत्रे दिसतात, त्यांना सरसकट व्हेंटिलेटेड फसाड म्हणू नका. पोकळीला खाली-वर वाट ठेवलीय का, हे जवळ जाऊन बघा. सांधे सगळे सिलिकॉननं बंद असतील तर हवा फिरणार कुठून?

आता हवेला वर ढकलणारा जोर किती, याचं गणित करू. तीन मीटर उंच पोकळी आहे आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा १० अंशांनी गरम आहे असं धरा. हवेची घनता १.१, गुरुत्वाकर्षण ९.८, उंची ३, तापमानातला फरक १०, भागिले बाहेरचं केल्व्हिनमधलं तापमान ३१३. उत्तर येतं साधारण १ पास्कल. नऊ मीटर उंचीला ३ पास्कल. आणि ताशी ११ किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला ३ मीटरचा वारा भिंतीवर किती दाब देतो? साधारण ५ पास्कल. म्हणजे आपल्या दोन-तीन मजली इमारतींत पोकळीतली हवा धुराड्यासारखी आपोआप वर खेचली जाण्यापेक्षा वाऱ्याच्या मर्जीवर जास्त चालते. वीस मजल्यांच्या इमारतीवरचा निष्कर्ष इथे आणताना पहिली गळती इथेच होते.

४० टक्के कुठून आले?

या विषयात खूप वेळा उद्धृत होणारा एक पेपर आहे. इटलीतल्या पिसा विद्यापीठाच्या चिआम्पी, लेच्चेसे आणि तुओनी यांचा, २००३ साली "सोलर एनर्जी" या नियतकालिकात आलेला. नीट आराखडा केलेल्या व्हेंटिलेटेड फसाडमुळे उन्हाळ्यातल्या थंडाव्याच्या ऊर्जेत ४० टक्क्यांहून जास्त बचत होऊ शकते, असं त्यात म्हटलं आहे. पेपर नीटनेटका आहे. साध्या समीकरणांतून काय होतं ते समजावून देतो, म्हणून तो जरूर वाचा.

पण वाचताना बचतीची व्याख्या कुठे दिली आहे ते शोधा. तिथली तुलना आहे तशाच भिंतीशी, जिच्या पोकळीतून हवा वाहत नाही. म्हणजे हवा वाहू दिली तर त्या भिंतीतून आत येणारी उष्णता किती कमी होते, याचा तो आकडा आहे. लेखकांनी ते लपवलेलं नाही. गडबड पुढे होते. दुसरा पेपर पहिल्याचा सारांश वाचतो, तिसरा दुसऱ्याचा, आणि "या भिंतीतून येणारी उष्णता ४० टक्क्यांनी कमी" याचं "इमारतीचं वीजबिल ४० टक्क्यांनी कमी" कधी होऊन जातं, कळतही नाही.

साधं उदाहरण घ्या. एका खोलीत येणाऱ्या एकूण उष्णतेपैकी त्या भिंतीचा वाटा २० टक्के आहे असं समजा. बाकीची छतातून, खिडकीतून, बाहेरच्या हवेतून, माणसांपासून आणि चुलीपासून येते. भिंतीतली उष्णता ४० टक्क्यांनी कमी झाली, तर खोलीपुरती घट झाली ८ टक्के. वाईट नाही. पण ४० आणि ८ यांत फरक आहे, आणि खर्चाचा हिशोब मांडायचा तो ८ वर.

म्हणून पेपर वाचताना मार्जिनमध्ये पहिला प्रश्न लिहा: कशाच्या तुलनेत?

चुन्याची बादली

हाच प्रश्न जरा पुढे नेऊ. मे महिन्यातली संध्याकाळचे साडेचारची वेळ, पश्चिमेची भिंत, बाहेर हवा ४० अंश. भिंतीवर दर चौरस मीटरला ६०० वॉट ऊन पडतंय असं धरू. गडद रंगाची भिंत त्यातलं ७० टक्के शोषते. पृष्ठभागावरून हवेत उष्णता जाण्याचा गुणांक २०. सोल-एअर तापमान काढा: ४० अधिक (०.७ गुणिले ६०० भागिले २०), म्हणजे ६१ अंश. ऊन आणि हवा मिळून भिंतीला जणू ६१ अंशांच्या हवेत उभं केलंय.

आता त्याच भिंतीला चुन्याचा पांढरा हात दिला आणि ती ३० टक्केच शोषते असं धरलं, तर तापमान येतं ४९ अंश. आत ३२ अंश असतील, तर पहिल्या भिंतीवर उष्णता आत ढकलणारा फरक २९ अंशांचा, दुसऱ्या भिंतीवर १७ चा. किती टक्के कमी झाला? ४१.

आला ना तोच आकडा! तोही चुन्याच्या बादलीतून. आता घाई करू नका. हे एका क्षणाचं, भिंतीची उष्णता साठवण्याची क्षमता बाजूला ठेवून केलेलं ढोबळ गणित आहे. आपल्याकडची धूळ बसून चुना मळला आणि शोषण ४० टक्क्यांवर गेलं, तर घट ३१ टक्क्यांवर येते. शिवाय हे ४१ आणि पिसाचे ४० एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत, कारण दोन्हींची तुलना वेगवेगळ्या भिंतींशी आहे. मुद्दा तोच आहे. उघड्या, गडद, बिनसावलीच्या भिंतीशी तुलना केली की जवळजवळ कुठलाही उपाय जिंकतो. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये व्हेंटिलेटेड फसाडचा सामना पांढऱ्या भिंतीशी, छज्जाशी आणि पश्चिमेला लावलेल्या कडुलिंबाशी व्हायला हवा. स्वस्त उपायाला हरवलं, तरच महाग उपायाला अर्थ.

आणि स्वस्त उपाय आपल्याकडे नवे नाहीत. खेडोपाडी उन्हाच्या बाजूला तुराट्यांची ताटी किंवा कूड भिंतीपासून थोडं दूर उभा करतात. अंगणात मांडव घालतात, त्याला चारी बाजूंनी हवा. आवरण, मधे हवा, मग भिंत किंवा माणूस: तत्त्व तेच. "आमच्या पूर्वजांना सगळं माहीत होतं" असं लिहून मोकळे होऊ नका, ते संशोधन नव्हे. ताटीमागच्या भिंतीचं तापमान आठवडाभर मोजा. ते मोजलेलं दिसलं, तर मी तो पेपर आधी वाचेन.

सूर्य कुठून येतो ते पाहा

दुसरा प्रश्न: कोणत्या पृष्ठभागावर? पिसा ४३.७ अंश अक्षांशावर आहे, सोलापूर १७.७ वर. २१ जूनला दुपारी पिसात सूर्य दक्षिणेकडे साधारण ७० अंशांवर असतो. म्हणजे दक्षिणेच्या भिंतीवर तिरपं का होईना, ऊन पडतं. आपल्याकडे मेच्या दुसऱ्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर. तिथपासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. ऐन उन्हाळ्यात दुपारी बारा-साडेबाराला दक्षिणेच्या भिंतीवर थेट ऊन पडतच नाही. डिसेंबरमध्ये मात्र तोच सूर्य ४९ अंशांवर उतरतो आणि दक्षिण भिंत चांगली न्हाऊन निघते, पण तेव्हा ते ऊन कुणाला नकोसं होत नाही.

म्हणजे युरोपातल्या पेपरातली "दक्षिण दर्शनी भिंत" तशीच उचलून सोलापूरच्या मॉडेलमध्ये टाकली, तर सगळ्यात कमी त्रास देणाऱ्या भिंतीवर सगळ्यात जास्त खर्च झाला. आपला त्रास पूर्व-पश्चिमेचा, आणि त्याहून मोठा छताचा. सूर्य डोक्यावर असताना ऊन झेलतं ते छत.

आपले नियमही बघा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या २०१८ च्या इको-निवास संहितेत घराच्या भिंती-खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेसाठी एक मर्यादा आहे, दर चौरस मीटरला १५ वॉट. या हिशोबात छत धरलेलं नाही. छतासाठी वेगळा नियम आहे: त्याचा उष्णता-वहन गुणांक १.२ च्या आत हवा. वर कसलंच आवरण नसलेल्या साध्या स्लॅबचा हा गुणांक याच्या दुपटीहून जास्त असतो. तेव्हा फसाडवर काम करून तुम्ही भिंतीची मर्यादा सहज गाठाल, आलेख हिरवा होईल, आणि वरच्या मजल्यावरचं कुटुंब तरीही गच्चीवर पाणी शिंपडत बसेल. ते पाणी तरी सोलापुरात रोज कुठे येतं?

मग व्हेंटिलेटेड फसाडचंच तत्त्व भिंतीवरून उचलून छतावर नेलं तर? स्लॅबच्या वर वीतभर अंतर सोडून दुसरं हलकं आवरण, दोन्ही बाजूंनी वारा. सोलापुरात गच्चीवर पत्र्याची शेड उभी करतात, ती जवळपास हेच काम करते. पण तिची उंची किती, उतार कुठे, वाऱ्याच्या दिशेनं उघडी आहे का, खालचा स्लॅब किती अंशांनी उतरला, याची आपल्या हवेतली मोजणी हवी. हा विषय चित्रात देखणा दिसत नाही, पण इथला आहे.

रात्री काय होतं?

तिसरा प्रश्न: कोणत्या वेळी? इमारत नियमावलीत सोलापूर उष्ण-कोरड्या हवामानात मोडतं. या हवामानाची एक देणगी आहे, ती म्हणजे दिवस आणि रात्रीच्या तापमानातला मोठा फरक आणि निरभ्र आकाश. जुन्या वाड्यांच्या जाड भिंती आणि माळवदाची छतं याच देणगीवर चालत. दिवसभर उष्णता सावकाश साठवायची, रात्री आकाशाला परत करायची, आणि आपण झोपायचं माळवदावर.

आता नऊ इंची विटेच्या भिंतीचा विचार करा. पश्चिमेला संध्याकाळी लागलेलं ऊन आतल्या बाजूला पोचायला सहा-आठ तास घेतं, म्हणजे ऐन झोपेच्या वेळी. इथे व्हेंटिलेटेड फसाडचा खरा फायदा आहे, कारण ऊन मूळ भिंतीपर्यंत येतच नाही. पण तेच आवरण रात्री भिंत आणि आकाश यांच्या मधे उभं राहतं. भिंतीतली उष्णता सरळ आकाशात जाण्याची वाट अडते, सगळी भिस्त पोकळीतल्या हवेवर येते. दिवसा मिळालेला फायदा रात्री किती परत जातो? उत्तर आवरणाच्या रंगावर, पोकळीच्या रुंदीवर आणि रात्रीच्या वाऱ्यावर अवलंबून आहे. पेपरात फक्त दुपारचा आलेख असेल, तर सावध व्हा. २४ तासांचा मागा. आठवड्याचा असेल तर उत्तमच.

घरात कोण आहे?

आता ज्यासाठी हे सगळं लिहितोय त्या गोष्टीकडे येतो. "ऊर्जाबचत" हा शब्दच एसी गृहीत धरतो. ज्या घरात एसी नाही, तिथे वाचवायला वीजच नाही. तिथे मोजायचं ते हे, की मे महिन्यात किती तास घर माणसाला सोसेल असं राहिलं.

सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकर वसाहत आहे, दहा हजार घरांची, २००६ साली पुरी झालेली. तिथेच पुढे रे नगर उभं राहिलं, तीस हजार घरांचा प्रकल्प. त्यातली पंधरा हजार घरं १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते कामगारांना मिळाली. विडी कामगार, यंत्रमाग कामगार अशी इथली माणसं. असंघटित कामगारांसाठी एवढी घरं एका जागी दुसरीकडे क्वचितच सापडतील.

आता तुमच्या सॉफ्टवेअरमधलं घराचं वेळापत्रक उघडा. त्यात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, की माणसं सकाळी बाहेर, संध्याकाळी घरी, रात्री बेडरूममध्ये एसी. पण विडी वळणारी बाई दुपारी बारा ते चार घरातच आहे, सूप मांडीवर घेऊन. तिचं घर हाच तिचा कारखाना. आणि पंख्याचं काय? आरामदायीपणाच्या गणितात हवेचा वेग वाढवला की दोन अंश माफ होतात. पण पंखा जोरात लावला, तर सुपातला तंबाखू जागेवर राहील का? मॉडेलला हे माहीत नाही. तुम्हाला माहीत असायला हवं, कारण तुम्ही इथे राहता.

भारतात आरामदायी तापमान ठरवायला इमॅक नावाचं प्रारूप वापरतात, २०१४ चं. नैसर्गिक वायुविजन असलेल्या इमारतीसाठी सूत्र असं: बाहेरच्या चालू सरासरी तापमानाला ०.५४ नं गुणा, त्यात १२.८३ मिळवा. सरासरी ३३ अंश धरली तर ३०.७ येतात, आणि ९० टक्के लोकांना चालेल अशी वरची मर्यादा त्यात २.३८ मिळवून ३३ अंश. आपल्यासारख्या गावाला हे युरोपच्या मापापेक्षा कितीतरी जवळचं आहे. पण त्यामागची पाहणी पाच शहरांतल्या कार्यालयांची आहे. खुर्चीवर बसलेला कारकून आणि जमिनीवर बसून दिवसभर विड्या वळणारी बाई यांना एकच मर्यादा लागू होते का? हा प्रश्न एका पीएचडीला पुरून उरेल.

मग विषय सोडायचा का?

अजिबात नाही. ज्या इमारतीत दिवसभर एसी चालतोच, म्हणजे मोठं रुग्णालय, बँकेचं कार्यालय, तिथे पूर्व-पश्चिमेच्या भिंतीवर हे तंत्र कामाचं ठरू शकतं. फक्त दोन गोष्टी प्रस्तावात लिहाच. पहिली, आग. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ माणसं गेली. तिथे बाहेरच्या पत्र्यांच्या मधे प्लास्टिकचा थर होता आणि मागे पोकळी. हवा वर नेणारी पोकळी आगही वर नेते. आवरण न जळणारं हवं आणि पोकळी मजल्यागणिक अडवलेली हवी, मग हवेच्या प्रवाहाचं तुमचं गणित बदलतं. तुराट्यांच्या ताटीलाही हाच नियम. दुसरी गोष्ट देखभाल. धूळ, पारवे, मधमाश्यांची पोळी. जाळी बसवली की हवेचा मार्ग चोंदतो. पहिल्या दिवशीची पोकळी आणि पाच वर्षांनंतरची पोकळी एक नसते.

सुरुवातीला फार काही लागत नाही. एकसारख्या दोन खोल्या, शक्यतो वरच्या मजल्यावरच्या. चार-पाच तापमान-नोंदणी यंत्रं: एक हवेत, एक छताला खालून, एक पश्चिमेच्या भिंतीला आतून, एक बाहेर सावलीत. काळ्या गोळ्याचा तापमापक मिळाला तर सोन्याहून पिवळं, कारण तापलेल्या स्लॅबखाली बसलेल्या माणसाला हवेपेक्षा स्लॅबच जास्त भाजतो. एप्रिलमध्ये दोन्ही खोल्या जशा आहेत तशा मोजा, म्हणजे मुळातला फरक कळेल. मेमध्ये एकीवर उपाय करा. आणि त्या घरातल्या बाईंना विचारून दुपारी त्या कुठे बसतात ते वहीत लिहा. परवानगी घेऊन, त्यांच्या कामात अडथळा न आणता.

सिनॉप्सिसमधलं ते वाक्य मग असं काहीतरी होईल: "पिसा येथील अभ्यासात हवा खेळत्या पोकळीमुळे त्या भिंतीतून येणारी उष्णता ४० टक्क्यांहून अधिक कमी झाली. सोलापूरच्या अक्षांशावर, बिनएसीच्या वरच्या मजल्यावरील घरात, पांढऱ्या छताच्या तुलनेत हवेशीर दुहेरी छतामुळे दुपारचे व रात्रीचे किती तास सुसह्य होतात, हे या अभ्यासात मोजले जाईल." वाक्य लांबलं, ऐट कमी झाली. पण समितीतल्या कुणी "कशाचे?" असं विचारलं, तर उत्तर वाक्यातच आहे.

पुढच्या लेखात तापमान-नोंदणी यंत्रं कॅलिब्रेट कशी करायची ते पाहू. तोवर तुमच्या यादीतला सगळ्यात आवडता पेपर काढा आणि त्याच्या मार्जिनमध्ये तीन प्रश्न लिहा: कशाच्या तुलनेत, कोणत्या पृष्ठभागावर, कोणत्या वेळी. चौथा प्रश्न, घरात कोण आहे, तो पेपर बाजूला ठेवून एकदा कुंभारीला जाऊन विचारा. मेमध्येच जा, दुपारी.